आग्नेयेला ठेवलेली बॅग

कृष्णाबाई आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. तिला बेल वाजवायची सवय नाही आणि मला दार लावून घ्यायची आठवण राहत नाही, त्यामुळे आमचं जमतं. मी चहा गाळत होते. तिने पाटावर बैठक मारली आणि विचारलं, "बाई, बाली कुठं आली?"

"कोण बाली?"

"बेट हाय म्हणं. आमच्या पुंडल्याला कंपनीनं दिलंय."

बेट दिलं नव्हतं, तिथली सहल दिली होती. पुंडलिक हा कृष्णाबाईचा मुलगा. रोह्याजवळ आमच्या वरसे नाक्यावर त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीने त्याचा वर्षाचा खप बघून त्याला दोन माणसांची सहल लावली होती, विमान, हॉटेल, जेवणखाण सगळं धरून. ही बातमी अख्ख्या वरसे गावात फिरून शिळी झाली होती. मलाही ठाऊक होती. पण कुणी काही सांगायला आलं की आपल्याला ते ठाऊक नाही असं दाखवावं, सांगणाऱ्याला बरं वाटतं.

मी पेणच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इथे छोटं घर बांधलं, कारण पेणला रस्त्यात दर चार पावलांवर कुणी तरी वाकून नमस्कार करायचं आणि मग आपला मुलगा काय करतो ते सांगत बसायचं. लग्न मी केलं नाही. त्यामुळे लोकांचे संसार बघायला मला भरपूर वेळ असतो. त्यात पडायला मात्र मी जात नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्या घरात झालं असलं तरी माझ्यामुळे झालं नाही.

मी नकाशाचं पुस्तक काढलं. कृष्णाबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते नको. हात करून दाखवा. आमच्या दारात उभं राहिलं तर बाली कुठल्या अंगाला?"

मी खिडकीशी गेले. समोर पुंडलिकचं घर, त्यावर सकाळचं ऊन. मनातल्या मनात सगळं जुळवलं आणि म्हटलं, "आग्नेयेला. म्हणजे तुमच्या दारातून माझ्या घराच्या दिशेने."

"मग झालं," ती म्हणाली आणि चहा न घेताच उठली. दुपारी चाकं असलेली एक भली मोठी निळी बॅग माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन उभी राहिली. बरोबर उत्तर दिल्याचे असेही तोटे असतात.

हे प्रस्थान होतं. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघायचा दिवस चांगला नसला, तर त्याआधीचा एखादा चांगला दिवस बघून प्रवाशाचं सामान जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवत. सोबत सुपारी, हळकुंड, मूठभर अक्षता. सामान बाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. माणसाने मग घरी जेवावं, झोपावं, दुकान चालवावं. सामान मात्र पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. निघायच्या दिवशी तिथूनच उचलायचं आणि पुढे व्हायचं. माझ्या लहानपणी आमच्या घरीही ठेवायचे. सत्तर वर्षांत आपण चंद्रावर जाऊन आलो आणि कृष्णाबाई अजून तिथेच, असं मला वाटलं. तसं मी म्हटलंही.

"चंद्रावर जाताना त्यांनी चांगला दिस बघितला असंल," ती म्हणाली. "आमच्या पोरांच्या निघायच्या दिशी अमावस्या पडलीय."

ती गेल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. अमावास्या नव्हती. शुद्ध षष्ठी होती, आणि खाली बारीक अक्षरात 'चांगला दिवस' असंही छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला ते दाखवलं, तर म्हणाली, "तुमचं कॅलेंडर पुण्याचं हाय."

बॅग एकदा बाहेर आली ती परत आत जायची नाही, म्हटल्यावर उरलेली भराभरी माझ्याकडे सुरू झाली. सकाळी सासू यायची आणि भरायची. संध्याकाळी दुकानावरून सुटली की सून यायची आणि काढायची. सून म्हणजे शांती. पंचेचाळिशीची, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. सकाळ-संध्याकाळ घर आणि मधली दुपार दुकानाच्या गल्ल्यावर, असा तिचा जन्म गेलेला. तिने पहिल्या दिवशी बॅग उघडली तेव्हा आत चार जाडजूड साड्या, एक शाल, सुकटीची पिशवी आणि दोन किलो वाल होते.

"बाई, बेटावर थंडी असते?"

"रोह्यासारखंच असतं. उलट तिथे आत्ता पावसाचे दिवस आहेत. छत्री घे."

शांतीने शाल काढली, छत्री घातली. सुकटीची पिशवी मी स्वतः काढून मागच्या पडवीत टांगली, कारण तोवर दोन मांजरं खिडकीत येऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाबाईने ती पिशवी हुडकून पुन्हा बॅगेत घातली आणि म्हणाली, "परक्या मुलखात तोंडाला चव नको?" संध्याकाळी शांतीने ती पुन्हा काढली. वालाचंही तेच. शेवटी त्या दोघींच्या भांडणात वाल माझ्याकडेच राहिले आणि मी आठवडाभर बिरडं खाल्लं. समोरासमोर दोघी एकमेकींना एक शब्द बोलल्या नाहीत. सासूच्या हातचं सुनेने काढलंय हे सासूला कळायचं, सुनेला ते सासूला कळलंय हे कळायचं, आणि मधे मी. शांतीची पक्की समजूत होती की म्हातारीने हे प्रस्थानाचं खूळ आपल्याला छळायलाच काढलंय.

"घरात बॅग असती तर दार लावून नीट भरली असती," ती एकदा म्हणाली. "आता सगळं तुमच्या समोर पसरायला लागतं."

"मी बघत नाही," मी म्हटलं. हे अर्थातच खरं नव्हतं.

मधल्या रविवारी शांतीची मुलगी शकू आली. ती पेणला दिलेली. नवरा डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर शिफ्ट करतो. पेणची माणसं कुठे रिकाम्या हाताने जात नाहीत. हिने आईला न्यायला पापडाची दोन पुडकी आणि वीतभर उंचीचा एक गणपती आणला होता, हॉटेलवाल्यांना द्यायला. आणि त्याखाली, कागदात गुंडाळून, काळ्या कापडाचे अंगाबरोबर बसणारे कपडे. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत पाय.

शांतीने ते हातात घेऊन ताणून पाहिले. "हे घालून पाण्यात जायचं?"

"मग? साडी नेसून पोहणार हायस काय?"

"साडी नेसूनच पोहायची मी," शांती म्हणाली. आईला पोहता येतं हे शकूला ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरूनच कळलं.

शकू भांडी विसळायला आत गेली तेव्हा मी शांतीला विचारलं. तिचं माहेर जिते स्टेशनापासून आत. तिथल्या तळ्यात ती पाच-सहा वर्षांची असताना भावांच्या मागोमाग उतरली आणि त्यांच्या आधी पल्याड पोचायला लागली. म्हशी धुवायला नेल्या की तिला तीन-तीन वेळा हाका मारून बाहेर काढायला लागायचं.

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर काय? बाथरूम हाय, बादली हाय." ती हसली आणि काळ्या कपड्यांची घडी घालायला लागली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "बाई, ते तिथं देवळं दाखवणार हायत. माकडांचं जंगल दाखवणार हायत. मला त्यातलं काय नको. मला एकदा समुद्रात जायचंय. पाय टेकणार नाय इतक्या लांब. तेवढं झालं तर मी बाकीचे दिवस हॉटेलात झोपून काढीन."

इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. तिने ते कपडे बॅगेच्या तळाशी घातले, वर साड्या रचल्या, साड्यांवर गणपती ठेवला. त्यानंतर मी त्या बॅगेकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागले. आधी ती केर काढताना आडवी येणारी एक वस्तू होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी शांती आली आणि बॅग न उघडता खुर्चीवर बसून राहिली. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "मी बहुतेक जात नाय."

प्रकरण असं होतं. पोपट म्हणून पुंडलिकचा दोस्त आहे. नव्या इमारतींच्या नळजोडणीची कामं घेतो. वरशाच्या बाजूला गेल्या वर्षी जेवढ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या निम्म्यांचे पाइप पोपटने पुंडलिकच्या दुकानातून उचलले होते. सहल लागून आठवडा झाल्यावर एक दिवस तो दुकानात म्हणाला होता, "बायकोला काय नेतोस? दोघं जाऊ, मजा करू. खप कोणी करून दिला तुझा?" पुंडलिकने तेव्हा हसण्यावारी नेलं. पण पोपटने सोडलं नाही. आता पुढच्या मोठ्या इमारतीचं काम दुसऱ्या दुकानाला देतो अशी गोष्ट निघाली होती. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी नावांची यादी पक्की करणार होता, तोवर नाव बदलता येत होतं. पोपटकडे पासपोर्ट होता. मागे एकदा तो दुबईला जाऊन आला होता.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? पोपट भावजींनी गिऱ्हाईक आणलं हे खरंच हाय. हे म्हणाले, पुढच्या वर्षी तुला महाबळेश्वरला नेतो." ती उठली, बॅगेपाशी बसली आणि चेन उघडून साड्या बाहेर काढायला लागली. रडली नाही, कुरकुरली नाही. दुकानातला माल परत लावावा तशी एकेक साडी काढून बाजूला ठेवत होती. तळाशी हात गेला तेव्हा थांबली. "हे शकूला परत देते. तिला तरी होतील."

मला राग आला. पुंडलिकचा आला, पोपटचा आला आणि सगळ्यांत जास्त शांतीचा आला. इतकं मुकाट्याने काय म्हणून काढायचं सगळं? मी म्हटलं, "शांती, बॅग माझ्या घरात आहे. माझ्या घरातून मी सांगेपर्यंत काही हलणार नाही. ठेव ते परत." वर्गात वापरायचे तो आवाज इतक्या वर्षांनी कुठून आला कोण जाणे. तिने साड्या पुन्हा रचल्या आणि गेली. मी कुणाच्या संसारात पडत नाही असं जे सुरुवातीला म्हटलं, त्यात एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक आला. चांगला माणूस आहे. देणंघेणं चोख, कुणाच्या अध्यात-मध्यात नाही. फक्त ज्याचा आवाज मोठा त्याचं त्याला पटतं. दारात चपला काढून तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि घाम पुसत म्हणाला, "बाई, बॅग न्यायला आलोय. हिचं सामान काढतो नि माझं भरतो. आई देवळात गेलीय, तोवर उरकतो."

"आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तिचं हे जुनंपानं. मी काय असलं मानत नाय."

हे तो म्हणत होता आणि त्याच्या दुकानाच्या दारावर दर शनिवारी नवं लिंबू आणि सात मिरच्या लटकतात हे सगळं गाव बघतं. मी म्हटलं, "बॅग मी ठेवली नाही, तेव्हा मी देणारही नाही. जिने ठेवली तिला येऊ दे." मी चहा टाकायला आत गेले आणि जाताना शेजारच्या पोरीला हाक मारून कृष्णाबाईला बोलवायला पिटाळलं. चहा मी मुद्दाम आल्याचा, बराच वेळ उकळत ठेवला.

कृष्णाबाई आली ती पदराने तोंड पुसत. मुलाला बॅगेपाशी बसलेला तिने बघितलं. भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले.

"काढतोयस ना? काढ. तळाला लाल फडकं हाय बघ, गाठ मारलेलं. ते आधी काढ."

पुंडलिकने चाचपून लाल कापडाचं गाठोडं काढलं. "ह्यात काय?"

"सुपारी, हळकुंड नि दोघांचे पासपोट."

"दोघांचे? माझा पण?"

"तुझं प्रस्थान वेगळं नि तिचं वेगळं असतं काय? एका फडक्यात, एका सुपारीला बांधलेत. सोड गाठ. तुझा घे, तिचा परत ठेव."

पुंडलिकचा हात गाठीवर गेला. कृष्णाबाई छताच्या पंख्याकडे बघत पुढे बोलली, "एक सांगते. प्रस्थान मोडलं तर ज्याचं मोडलं त्याला काय होत नाय. ज्यानं मोडलं त्याच्या धंद्यावर जातं. आपल्या गावच्या हैबतरावाचं आठवतं ना? भाताची गिरण व्हती त्याची."

"कुठं हाय आता ती?"

"तेच तर सांगतेय."

असा कुठलाही नियम मी कधी ऐकलेला नाही. तिने तो तिथेच बसल्या बसल्या केला असं माझं स्पष्ट मत आहे. हैबतरावाची गिरण, मला नंतर कळलं, त्याचे मुलगे मुंबईला गेले म्हणून बंद पडली. पण पुंडलिकने गाठीवरचा हात काढला. ते गाठोडं त्याने मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "पोपटला काय सांगू?"

"सांग, आईनं बांधून ठेवलंय. माझ्या नावावर खपव सगळं. मला काय, मी म्हातारी."

त्याने फोन केला तो माझ्या अंगणात जाऊन. पोपटचा आवाज आतपर्यंत येत होता. पुंडलिक "हो रे, हो रे" करत होता आणि मधेच एकदा म्हणाला, "अरे, धंद्यावर जातं म्हणतात." त्यावर पलीकडचा आवाज एकदम खाली आला. शेवटी पोपटसुद्धा धंद्याचाच माणूस. नंतर पुंडलिकने कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि बायकोचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं.

तो गेल्यावर मी कृष्णाबाईला म्हटलं, "अमावास्या नव्हती. पोपट दुकानात बोलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू मला बाली कुठे ते विचारायला आलीस."

"मग? पोपट्या पितो. परमुलखात माझ्या पोराला पाजीत बसला असता." ती उठली. "वाल संपले का? आणि देते." मला ते पटलं. सुनेवर माया म्हणून ही बाई एवढा खटाटोप करील असं तिच्याकडे बघून वाटत नाही, आणि पोपट पितो हे खरंच आहे.

निघायच्या दिवशी गाडी माझ्या दारात लागली. शांतीने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि तिला ओढणीचं काय करावं ते सुचत नव्हतं. कृष्णाबाईने दोघांच्या हातावर दही घातलं. शेवटच्या क्षणी सुकटीची पिशवी बॅगेत कोंबायचा तिने एक प्रयत्न केला, तो पुंडलिकने हाणून पाडला. शांती सासूच्या पाया पडली. सासू म्हणाली, "जा." एवढंच. गाडी गेल्यावर माझी खोली एकदम मोठी दिसायला लागली आणि मी पहिल्यांदा तिथला केर नीट काढला.

चार-पाच दिवसांनी सकाळी माझ्या फोनवर पुंडलिकचा व्हिडिओ कॉल आला. कृष्णाबाईकडे बटणांचा फोन, त्यामुळे बोलणं माझ्या फोनवरून व्हायचं असं ठरलं होतं. ती आलेलीच होती, वाल सोलत बसली होती. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून तिच्यासमोर उभा केला.

पुंडलिक वाळूत उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर गवताची टोपी, चेहरा पार उतरलेला. मागे कुठे तरी शिट्टी वाजत होती.

"आई, हिला सांग काय तरी. तासभर झाला पाण्यात गेलीय. आधी इथंच व्हती, आता बघ." त्याने फोन फिरवला. पडद्यावर नुसतं पाणी, आभाळ ढगाळलेलं, आणि खूप आत एक काळा ठिपका. मी चष्मा वर-खाली केला. ठिपक्याच्या एका बाजूने हात वर यायचा, पाण्यात जायचा, मग दुसऱ्या बाजूने यायचा. घाई नव्हती. ती किनाऱ्याला समांतर चालली होती, सरळ रेघेत.

"दिसली? हाका मारून घसा बसला माझा. ऐकतच नाय. मला पोहता येत नाय, मी जाऊ कसा? मी फोन घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जातो, तू जोरात हाक मार. तुझी हाक ऐकते ती."

कृष्णाबाईने हातातले वाल परातीत टाकले. फोन दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेला. ती हाक मारील असं मलाही वाटलं; तिची हाक नाक्यापर्यंत जाते.

"फोन भिजवू नको," ती म्हणाली. "बस खाली गपचूप."

"आई, लांब गेली गो ती!"

"मला दिसतंय. जाऊ दे."

तिने फोन पुन्हा तांब्याला टेकवला, पण नजर काढली नाही. पुंडलिक तिकडे बडबडत होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती, बहुतेक माझ्याशीही नव्हती.

"लग्नाला वरीस पण झालं नव्हतं. आम्ही तेव्हा हितं नव्हतो, आमच्या मूळ गावातच व्हतो. ही तळ्यावर धुणं घेऊन गेली नि उतरली पाण्यात. धुणं काठावर, ही पार मधी. बायका बघायला लागल्या, गडी माणसं थांबून बघायला लागली. मला कोणी तरी बोलवून नेलं. मी काठावर उभी राहिली नि म्हटलं, ये भायेर."

"आली?"

"लगेच. मधनंच वळली नि आली. साडी पिळली, धुणं उचललं नि माझ्या पुढं घराकडं चालायला लागली. मी मारली नाय बाई तिला. शिवी दिली नाय. नुसती एक हाक मारली." तिने परातीतला एक वाल उचलला, सोलला नाही, नुसता बोटांत धरून ठेवला. "नंतर मी सांगितलं पण एकदा, जात जा म्हटलं सकाळची, कोणी नसतं. नाय गेली. परत कधी पाण्याला पाय नाय लावला तिनं. मला वाटलं, विसरली."

मी शिकवलेल्या मुलांपैकी किती जणांना एका हाकेत बाहेर काढलं असेल, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला. पडद्यावर पाऊस सुरू झाला होता. पुंडलिकने डोक्यावरची टोपी काढून फोनवर धरली. ठिपका अजून दिसत होता, पहिल्यापेक्षा लहान.

"आई! पाऊस आला! आता तरी हाक मार!"

"बोंबलू नको," कृष्णाबाई म्हणाली. "येईल तिची ती."